निपाणीच्या लॅबमधल्या ताईंना, बेळगावच्या कॅन्सर वॉर्डातून

ताई, सप्रेम नमस्कार.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातले लिम्फोमाचे (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचे) पेशंट बेळगावला आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळांच्या फायलीत तुमच्या लॅबचा रिपोर्ट असतो. त्यातला एलडीएचचा (पेशींमधल्या एका एन्झाइमचा) आकडा आम्ही निर्धास्तपणे हिशेबात धरतो. त्यामागची तुमची मेहनत चारचौघांत सांगून आभार मानायचे होते.

त्यातला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा प्रकार झपाट्याने वाढतो. पुढचा अंदाज बांधताना पाच गोष्टी पाहतात: वय ६० च्या वर, स्टेज तीन किंवा चार, लसीकाग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी आजार, हिंडण्याफिरण्याची ताकद बरीच खालावलेली आणि एलडीएच वाढलेलं. प्रत्येकीला एक गुण. आर-चॉप (केमो आणि रिटुक्सिमॅब हे औषध मिळून होणारा उपचार) घेतलेल्या पेशंटांवरून २००७ साली हे कोष्टक नव्याने मांडलं गेलं. त्यात चार वर्षांनी हयात असलेले असे: शून्य गुण असतील तर ९४ टक्के, एक-दोन असतील तर ७९, तीन किंवा जास्त असतील तर ५५. हे आकडे गटाचे आहेत, समोर बसलेल्या एका माणसाचे नव्हेत. तरीही ज्याचे खरे गुण दोनच आहेत त्याचं एलडीएच नुसतं नळीत वाढलं, तर तो ७९ च्या गटातून ५५ च्या गटात जाऊन बसतो. आजार मेंदूकडे जाण्याचा धोका मोजतानाही हाच गुण धरतात.

आणि नळीत ते फार सहज वाढतं. तांबड्या पेशींत एलडीएच खच्चून भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं. म्हणून तुम्ही दंडाची पट्टी मिनिटाच्या आत सोडता, स्पिरिट वाळू देता, बारीक सुईने रक्त ओढत बसत नाही. सिरिंजने घेतलं तर सुई काढून, नळीच्या कडेने हळू सोडता. लाल टोपणाची नळी आधी, जांभळी नंतर, कारण जांभळीतल्या ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) अंश मिसळला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. पहिल्या केमोनंतर ट्यूमर लायसिसवर (कॅन्सरच्या पेशी एकदम फुटून त्यांतले घटक रक्तात उतरण्यावर) नजर ठेवताना नेमके हेच दोन आकडे आम्हाला युरिक ॲसिड, फॉस्फरस आणि क्रिएटिनिनसोबत लागतात.

अर्धा तास गोठू देऊन लगेच सीरम वेगळं करता, हे तर फारच मोलाचं. उन्हाळ्यात अख्खं रक्त तसंच बसने पाठवलं तर पोचेपर्यंत त्याची माती होते. बर्फाचाही उपयोग नाही: एलडीएचचे काही प्रकार थंडीतच मोडतात, आणि मग खरोखर वाढलेला आकडाही कमी दिसू शकतो. तुमचं एलडीएचचं सीरम साध्या तापमानाला ठेवलेलं असतं, डब्यावर तशी चिठ्ठी असते.

सीरमला गुलाबी झाक दिसली की तुम्ही रिपोर्ट अडवून पुन्हा रक्त मागता. लांबून आलेले लोक कुरकुरतात, पैसे दोनदा घेणार का म्हणतात. तुम्ही घेत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे.

आकड्याशेजारी तुमच्या मशीनची वरची मर्यादा ठळक लिहिता, त्याबद्दल वेगळे आभार. एकीकडे वरची मर्यादा २५०, दुसरीकडे ४६० असते. मर्यादेशिवाय नुसतं ४८० वाचून काय कळणार? एकात ते जवळजवळ दुप्पट, दुसऱ्यात जेमतेम वाढलेलं. ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे’ ही फॉर्मवरची तुमची ओळही अशीच उपयोगी. त्या इंजेक्शनने, म्हणजे फिलग्रास्टिमनेही, एलडीएच चढतं. ती ओळ नसेल तर आजार उलटला असं वाटून माणूस उगाच स्कॅनच्या रांगेत उभा राहतो.

रिपोर्ट हातात पडताच नातेवाईक काउंटरवरच ‘किती दिवस हाईत?’ विचारतात. तिथे तुम्ही टक्केवारी सांगत नाही. ही पाचातली एक गोष्ट, बाकीच्या चार बेळगावात बघतील, असं मराठीत आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगता. त्यामुळे माणसं आमच्यापर्यंत घाबरून न जाता पोचतात आणि उपचार सुरू करतात.

एक विनंती आहे. आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅबने दबलेली हिपॅटायटिस बी उसळू शकते. म्हणून पहिल्याच खेपेला त्याच्या एचबीएसएजी या तपासणीसोबत अँटी-एचबीसी टोटल या दुसऱ्या तपासणीचंही रक्त घेऊन ठेवाल का? पेशंटचा एक हेलपाटा वाचेल.

तुमचे ऋणी,
बेळगावच्या कॅन्सर वॉर्डातले डॉक्टर, सिस्टर आणि टेक्निशियन