ती दहा मिनिटं

प्रिय ईरा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "फक्त बायकांची वेगळी शर्यत कशाला हवी? आम्ही काय लिंबूटिंबू आहोत?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तर लांबलचक होतं आणि तुला कामाला निघायचं होतं. आता सविस्तर लिहिते. वाचून झालं की मग जूनच्या मिनीला, म्हणजे त्या फक्त बायकांच्या शर्यतीला, मदत करणार की नाही ते तुझ्या न्यूयॉर्क रोड रनर्स या धावण्याच्या क्लबला कळव.

आधी नावाचं. दहा किलोमीटरला 'मिनी' म्हणतात यावर तू चिडलीस, पण ते नाव अंतरावरून पडलेलंच नाही. ते मिनीस्कर्टवरून पडलंय. आता आणखी चिडशील, पण थांब. १९७२ साली क्रेझीलेग्ज नावाचं पायांवरचे केस काढताना लावायचं जेल निघालं होतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीला गाजावाजा हवा होता. त्यांच्या मनात बायकांची अख्खी मॅरेथॉन होती. क्लबचा सूत्रधार फ्रेड लेबो. रुमानियातून आलेला, कापडधंद्यात मुरलेला, गर्दी कशी जमवायची हे कळणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं की ४२ किलोमीटर धावणाऱ्या बायका गोळा करायला गेलो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मिळतील आणि रस्ता रिकामा दिसेल. म्हणून अंतर सहा मैलांवर आलं. कॅथरीन स्वित्झर आणि निना कुसिक या दोन धावपटू त्याच्या जोडीला होत्या. सुरुवातीच्या रेषेवर फोटोसाठी प्लेबॉय क्लबच्या सशाचे कान लावलेल्या मुलीही आणून उभ्या केल्या होत्या. मला हे अजूनही आवडत नाही. लेबोच्या मनात तत्त्व किती आणि तमाशा किती, याचा हिशोब कुणाला लागला असेल असं वाटत नाही.

तरी ३ जून १९७२ ला सेंट्रल पार्कात ७२ जणींनी ती शर्यत पूर्ण केली. जॅकलिन डिक्सन नावाची मुलगी ३७ मिनिटं १ सेकंदात पहिली आली. फक्त बायकांची अशी रस्त्यावरची शर्यत त्याआधी झालेली नव्हती, असं म्हणतात. पुढे अंतर दहा किलोमीटर झालं आणि जेलचं नाव गळून पडलं.

आता मुद्द्याकडे येते. त्याच वर्षी, त्याच क्लबच्या शर्यतीत, ऑक्टोबरमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे का? मला वाटतं नसावं, नाहीतर लिंबूटिंबू हा शब्द तू जूनच्या शर्यतीला लावला नसतास.

त्या काळी तिथली सगळी हौशी धावपळ ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या ताब्यात होती. बायकांनी लांब पल्ला धावू नये, असाच तिचा खाक्या. गर्भाशय जागेवर राहणार नाही वगैरे, हे डॉक्टरसुद्धा गंभीर चेहऱ्याने सांगत. याचं मूळ शोधत गेलं तर १९२८ च्या ऑलिंपिकपर्यंत पोचतो. तिथे बायका ८०० मीटर पहिल्यांदा धावल्या. शेवटी दमून एक-दोघी खाली बसल्या, आणि वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्याचं चित्र रंगवलं. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होतात, त्याची बातमी होत नाही. त्यानंतर बायकांची ८०० मीटर थेट १९६० ला परत आली. १५०० मीटर आली १९७२ ला. मॅरेथॉन १९८४ ला. मी शाळेत होते तेव्हा मुलींची सगळ्यात लांब शर्यत ८०० मीटरचीच असायची आणि त्यापुढचं सगळं मुलांचं. का, असं मी कधी विचारलंसुद्धा नाही. हे तुला पहिल्यांदाच सांगतेय.

तर युनियनने नुकतंच जरा नमतं घेतलं होतं. बॉस्टन मॅरेथॉनने १९७२ च्या एप्रिलमध्ये बायकांना पहिल्यांदा रीतसर घेतलं आणि कुसिक तिथे पहिली आली. हीच कुसिक १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये एकटी बाई होती. बरं नव्हतं म्हणून तिने ती अर्ध्यात सोडली. पुढच्या वर्षी बेथ बॉनर २ तास ५५ मिनिटं २२ सेकंदांत पहिली आली आणि कुसिक तिच्या मागे, तीन तासांच्या आत. एवढं सगळं डोळ्यांसमोर होऊनही युनियनने नियमात एक पाचर मारून ठेवलीच होती. बायकांनी धावावं, पण पुरुषांबरोबर सुटायचं नाही. दहा मिनिटं आधी किंवा दहा मिनिटं नंतर सुटावं, नाहीतर वेगळ्या रेषेवरून.

रस्ता तोच, अंतर तेच. ती दहा मिनिटं कशासाठी, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

१ ऑक्टोबरला न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये बायकांसाठी बंदुकीचा बार झाला आणि सहा जणी रेषेवरच खाली बसल्या. हातात फलक, युनियनला १९७२ साल उजाडल्याची आठवण करून देणारे. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर समोर हजर. लेबोचा त्यांना पाठिंबा होता, आणि छायाचित्रकार वेळेवर कसा पोचला याबद्दल मला फारसं आश्चर्य वाटत नाही. दहा मिनिटं त्या बसून राहिल्या. पुरुषांसाठी बार झाला तशा उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावत सुटल्या. कुसिकच पहिली आली.

त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटं मिळवली गेली, कारण कागदोपत्री त्यांची शर्यत पहिल्या बारालाच सुरू झाली होती. पुढे ती मिनिटं वजा झाली आणि तो नियमही गेला. पण विचार कर, ईरा. रोज सकाळी एकेका सेकंदासाठी जीव काढणारी बाई जमिनीवर बसून स्वतःच्या नावावर दहा मिनिटं चढू देते. तू मागच्या वर्षी चाळीस सेकंदांसाठी आठवडाभर धुसफुसत होतीस, म्हणून म्हणते.

आता बघ, क्लब तोच, वर्ष तेच. जूनमध्ये बायका वेगळ्या धावल्या तर खुशीने, आणि ऑक्टोबरमध्ये वेगळं धावायला सांगितलं तर रस्त्यात बसल्या. त्यांच्या मते यात विसंगती कुठेच नव्हती. जूनमध्ये ज्यांनी आधी कधी रस्त्यावर पाय टाकला नव्हता त्यांना यायला जागा मिळाली. ऑक्टोबरमध्ये जी जागा आधीच कमावली होती तिच्यातून मागे ढकललं जात होतं. लिंबूटिंबू म्हणायचंच असेल तर त्या दहा मिनिटांना म्हण.

आणि पुढची गंमत तर मला फारच आवडते. २००२ पासून न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अव्वल बायका पुरुषांच्या आधी सुटतात. दहा मिनिटं नाही, अर्ध्या तासाच्या आसपास! पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध धरणं धरलं तेच आता मुद्दाम केलं जातं, आणि कुणीही खाली बसत नाही. कारण साधं आहे. मिश्र शर्यतीत पहिली बाई कुठे आहे ते पाहणाऱ्याला कळतच नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पुरुषांच्या घोळक्यात हरवते. कोण कुणाच्या मागे दबा धरून बसलंय, कुणी चढावर अचानक वेग वाढवला, हे डावपेच झाकले जातात. शिवाय पुरुष पुढे धावत असेल तर वारा तो अडवतो आणि लय तो धरून देतो. म्हणून तर बायकांच्या मॅरेथॉनचे विक्रम दोन प्रकारे नोंदवतात, मिश्र शर्यतीतला वेगळा आणि फक्त बायकांच्या शर्यतीतला वेगळा. पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांची वेळ दिली तेव्हा तिच्याबरोबर वेग राखायला पुरुष होते. काही वर्षांनी तो विक्रम पुसायचं घाटत होतं. केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी तो राहिला. त्या वादात मी रॅडक्लिफच्या बाजूने होते. नियम आधी सांगायचे असतात, धावून झाल्यावर नाही.

लेबोवर मी जरा जास्तच टीका केली, तर एक गोष्ट त्याच्या बाजूचीही सांगते. १९७८ मध्ये त्याने ग्रेटे वाइट्झ या नॉर्वेच्या धावपटूला न्यूयॉर्क मॅरेथॉनला बोलावलं. ती ट्रॅकवरची. मॅरेथॉन कधी धावलेली नव्हती, आणि तिने सुरुवातीचा वेग जोरात ठेवावा, मागच्यांना ओढावं एवढीच अपेक्षा होती. ती थांबलीच नाही. २ तास ३२ मिनिटं ३० सेकंद, तेव्हाची जगातली सर्वोत्तम वेळ. ही धरून ती न्यूयॉर्क एकूण नऊ वेळा जिंकली. आणि लेबोला मेंदूचा कर्करोग झाला तेव्हा, १९९२ मध्ये, तो स्वतः आखलेल्या रस्त्यावर मॅरेथॉन धावला तो तिच्या सोबतीने. साडेपाच तास लागले. नऊ वेळा पहिली आलेली बाई साडेपाच तास एका आजारी माणसाच्या पावलाला पाऊल जुळवत होती. पार्कात त्याचा पुतळा आहे, घड्याळाकडे बघणारा. तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मला तिथे नेलंस आणि आपण फोटो काढला, पण हे काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तूही सांगितलं नाहीस.

तेव्हा मदतीला जा, असं मी म्हणेन. नाव खटकत असेल तर क्लबला तसं लिहून दे, पण काम करता करता दे. पाण्याच्या टेबलापेक्षा शेवटच्या टप्प्यावर उभं राहायला मिळालं तर बघ. पहिल्यांदा धावणाऱ्या तिथेच थांबायच्या बेतात असतात.

अजून एक विचारायचंय. जूनमध्ये मी तिथे असेन. माझा वेग तुला माहीत आहे, निम्मं अंतर मी चालतच जाणार. शेवटची बाई येईपर्यंत शेवटची रेषा उघडी ठेवतात का, की ठरावीक वेळेनंतर बंद करतात, तेवढं विचारून कळव. आणि नोंदणी कधी बंद होते तेही.

तुझी,
आई