पवित्र आठवड्याचे तीन दिवस मुलांना द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी मुलांच्या वहीत येते. ती यादी पक्की होण्याआधी वसई तालुक्यातले मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालघर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी यांच्यापर्यंत एक विनंती पोहोचावी, म्हणून आपल्या दैनिकाचा आधार घेते आहे. ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, आणि त्याच्या आधीचा आठवडा हा आम्हा कॅथलिकांचा पवित्र आठवडा. त्यातल्या गुड फ्रायडेची सुट्टी असतेच. त्याच्या आदल्या दिवशीचा पवित्र गुरुवार आणि दुसऱ्या दिवशीचा पवित्र शनिवार हे दोन दिवसही वसईतल्या शाळांनी सुट्टीचे धरावेत. ते जमत नसेल तर निदान त्या दोन दिवशी आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी परीक्षेचा पेपर ठेवू नये.

मी नंदाखालजवळच्या एका गावात राहते. घरी सासू-सासरे आहेत, रोज विरारहून लोकल पकडून मुंबईला कामाला जाणारे माझे यजमान आहेत, आणि तीन मुलं: थोरली अकरा वर्षांची, मधला आठचा, धाकटी पाचची. तिघंही मराठी शाळेत. वाडी थोडी उरली आहे. नारळ, केळी, दोन वाफे मोगरा.

आमचा एकच सण म्हणजे नाताळ, असं बहुतेकांना वाटतं. वर्तमानपत्रांत आमच्याविषयी लिहून येतं तेही बहुधा डिसेंबरातच. पण लहान मुलांच्या घरात चर्चचं वर्ष बारा महिने चालू असतं. पाच वर्षांच्या मुलीला तारीख कळत नाही. तिला फादरांच्या अंगावरच्या झग्याचा रंग कळतो. जांभळा दिसला की नाताळ नाहीतर ईस्टर जवळ आलं. पांढरा म्हणजे सण आला. लाल रंग झावळ्यांच्या (म्हणजे ईस्टरच्या आदल्या) रविवारी, गुड फ्रायडेला आणि पवित्र आत्म्याच्या सणाला. आणि मग सगळा पावसाळा हिरवा. बाहेर शेतं हिरवी आणि वेदीसमोर फादरही हिरव्यात, याचं धाकटीला इतकं अप्रूप की आमच्या चर्चमध्ये पाऊस आत आलाय, असं ती शेजारच्या काकूंना सांगून आली होती.

नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. घरात चार मेणबत्त्यांचं चक्र मांडतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटते. डिसेंबर लागताच मुलं करवंट्यांत माती भरून गहू आणि नाचणी पेरतात. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातल्या मेंढरांना चरायला हिरवं हवं, प्लॅस्टिकचं गवत चालणार नाही, हा मधल्याचा नियम. संध्याकाळी काट्याच्या पाठीवर कुलकुल, म्हणजे आमचा नाताळचा गोड पदार्थ, वळायला तिघंही बसतात. वर्षाच्या शेवटच्या रात्री आळीतली मुलं गवताचा म्हातारा जाळतात. मे महिना येशूची आई मरिया हिचा. तेव्हा संध्याकाळी क्रूसाजवळ जपमाळेची प्रार्थना होते आणि नंतर उकडलेले चणे वाटले जातात. पंधरा ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, म्हणजे आधी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि मग झेंडावंदन. आठ सप्टेंबरला तिचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आणि पुढच्या रविवारपासून वांद्र्याची जत्रा. ऑक्टोबरात पुन्हा घरोघर जपमाळ. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, झेंडूची फुलं वाहायची, मेणबत्ती लावायची. माझ्या मुलांनी त्यांच्या पणजीला पाहिलेलं नाही, पण तिची कबर कुठे आहे ते धाकटीसुद्धा न चुकता दाखवते.

हे सगळं शाळा सांभाळून होतं. मे महिना सुट्टीतच येतो. दोन नोव्हेंबर बहुधा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आसपास. पंधरा ऑगस्ट आणि पंचवीस डिसेंबर सगळ्यांच्याच सुट्टीचे. अडतं ते फक्त पवित्र आठवड्याशी.

त्याचं कारण ईस्टरची तारीख. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो कधी होळीच्या पौर्णिमेनंतर येतो, तर कधी हनुमान जयंतीनंतर. बावीस मार्चपासून पंचवीस एप्रिलपर्यंत कुठेही. आणि शाळांच्या वार्षिक परीक्षांचे दिवस नेमके तेच. २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. गुड फ्रायडे त्या वर्षी १८ एप्रिलला होता. थोरलीचा पेपर शनिवारी आला. गुरुवारी संध्याकाळी सगळं घर चर्चमध्ये आणि ती माझ्याबरोबर घरी, समोर सरावाची वही. गुरुवारच्या विधीत फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. त्या वर्षीच्या बारा जणांत तिचे आजोबा होते. तो क्षण तिने पाहिला नाही, आणि आजोबांना दर वर्षी बोलावणं येत नाही.

हे दिवस म्हणजे सकाळी मिस्सा आणि दुपारी मेजवानी, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने सांगते.

चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. कपाळावर लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची. त्या झावळ्या वर्षभर घरात तसबिरीमागे खोचलेल्या असतात. वाळून पिवळ्या पडल्या की मुलं त्या गोळा करून चर्चमध्ये नेऊन देतात. आपण हातात धरलेलं पान वर्षाने राख होऊन आपल्याच कपाळावर येतं, हे आठ वर्षांच्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. चर्चच्या नियमाप्रमाणे मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं, उपवासाचं अठरापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. म्हणजे माझ्या मुलांवर कसलीच सक्ती नाही. तरी दर वर्षी बुधवारी रात्री जेवताना प्रत्येक जण काय सोडणार ते आपणहून सांगतो. यंदा थोरलीने आइस्क्रीम सोडलं, मधल्याने मोबाइलवरचा खेळ, आणि धाकटीने भावाशी भांडण. वाचलेले पैसे एका डब्यात पडतात आणि ईस्टरच्या आधी तो डबा गरिबांसाठी चर्चमध्ये जातो. दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं. आळीतून चालत, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकत. उपवासकाळात आलेलूया, हा देवाच्या स्तुतीचा शब्द, गायचा नाही. तो शब्द कुठे गेला, असं धाकटीने मला विचारलं होतं. ईस्टरच्या रात्री परत येईल, असं मी तिला सांगितलं आणि तिने त्या रात्रीची वाट पाहिली.

झावळ्यांच्या रविवारी झावळी आमच्याच माडाची असते. सासरे सकाळी पातीचे छोटे क्रूस विणायला शिकवतात. थोरलीला आता जमतात, मधला अजून गाठीत अडकतो.

मग गुरुवार. पाय धुण्याचा विधी झाला, मिस्सा संपली की वेदीवरचं सगळं उतरवतात: कापड, फुलं, मेणबत्त्या. उघडा दगड राहतो. गुरुवारच्या गौरवगीतानंतर घंटाही थांबलेल्या असतात. त्यांच्या जागी लाकडी खटखट्या वाजतो. नंतर रात्री एकेका वाडीला तासाची वेळ नेमून दिलेली असते, तेवढा वेळ सगळ्यांनी शांत बसायचं. मुलं चुळबुळ करतात, मधला डुलक्या घेतो, तरी बसतात. शुक्रवारी मिस्सा नाही, वर्षातला हा एकच दिवस असा. दुपारी तीनला प्रार्थना, मग ओळीने पुढे जाऊन क्रूसाचं चुंबन. आमच्या घरी त्या दिवशी पेज आणि लोणचं, मुलांनाही तेच, आणि त्यांची कुरकुर नसते.

शनिवार दिवसभर रिकामा वाटतो. तोच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि पेपर नेमका त्या दिवशी येतो. चर्च उघडं पण ओकंबोकं. घरात झाडलोट, सासूबाईंचं वाटण, मुलांचे धुतलेले कपडे. दुपारी मुलांना बळेच झोपवायचं, कारण रात्री जागायचं आहे. अंधार पडल्यावर सगळं गाव चर्चबाहेर उभं राहतं. सगळे दिवे बंद. अंगणात नवा विस्तव पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तिच्यावरून पहिली, पहिलीवरून दुसरी, अशा करत सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटतात. आत अंधारात जगाच्या निर्मितीपासूनची वाचनं होतात. आणि मग गौरवगीत सुरू होताच सगळे दिवे एकदम लागतात, दोन दिवस मुक्या राहिलेल्या घंटा वाजतात. यंदा धाकटी माझ्या कडेवर होती. घंटा वाजल्या तशी ती माझ्या कानात ओरडली, "आला, तो शब्द आला!" आलेलूया अजून गायचं होतं, पण तिला कळलं होतं.

या दिवसांत पेपर असलेलं मूल हे घेऊ शकत नाही. ते एकतर घरी राहतं, नाहीतर चर्चमध्ये बसून मनात पाढे म्हणतं.

आता प्रशासनाच्या बाजूचं. प्राथमिक शाळांच्या सुट्ट्या वर्षाला ७६ दिवसांपेक्षा जास्त होऊ नयेत असा दंडक आहे. त्याच परिपत्रकांत अशीही मुभा असते की, उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने देता येतात. कोकणातल्या शाळा गणपतीला अशीच सुट्टी घेतात, आणि ते योग्यच आहे. चाकरमानी गावी येतात, मुलं शाळेत कशी बसतील? त्याच मार्गाने वसईत दोन दिवस द्यावेत, एवढंच आमचं मागणं. दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस कापा. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस भरले पाहिजेत, त्यातला एकही बुडणार नाही. शिवाय मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्याही काही सुट्ट्या असतात.

मग प्रत्येक समाज आपापले दिवस मागेल, असं एक शिक्षक मला म्हणाले. मागू द्यावं. जिथे ज्या मुलांची संख्या मोठी, तिथल्या शाळेने त्यांच्या घरचं वर्ष ओळखावं. आमच्या मुलांच्या वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं आहेत. नाताळाला ती आमच्याकडे कुलकुल खायला येतात, आमची त्यांच्याकडे मोदक खायला जातात. दोन दिवस जास्त मोकळे मिळाले म्हणून त्यांच्यातल्या कुणाचं काही बिघडेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मराठी शाळा ओस पडताहेत म्हणून सगळेच हळहळतात. आमच्या गावातली कितीतरी कॅथलिक घरं मुलांना इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटमध्ये घालतात. तिथे पवित्र आठवड्याची काळजी न मागता घेतली जाते, हेही त्यामागचं एक कारण आहे, आयांशी बोलताना मी ते ऐकलं आहे. आमची मिस्सा मराठीत होते. माझ्या सासऱ्यांनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली. त्यांच्या नातवंडांच्या सगळ्या प्रार्थना मराठीत पाठ आहेत. ज्या भाषेत माझी मुलं देवाशी बोलतात त्याच भाषेत ती शिकावीत, म्हणून आम्ही मराठी शाळा निवडली. ती निवड कुणाला जड जाऊ नये.

ईस्टरच्या तारखा कित्येक वर्षं आधी ठाऊक असतात, तेव्हा वेळेवर कळलं नाही ही अडचण येण्याचं कारण नाही. २०२७ मध्ये पवित्र गुरुवार २५ मार्चला आणि शनिवार २७ मार्चला आहे. २०२८ मध्ये गुड फ्रायडे १४ एप्रिलला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या दिवशीच येतो. गुरुवार १३ आणि शनिवार १५ एप्रिलला. २०३० मध्ये ईस्टर २१ एप्रिलला आहे, तेव्हा १८ आणि २० एप्रिल परीक्षांच्या ऐन मध्यात येतील.

आपल्या समाजातल्या पालकांनाही सांगणं आहे. पेपर असला की मुलाला गुपचूप घरी ठेवून आजारी असल्याची चिठ्ठी देऊ नका. मुलाला त्यातून चुकीचं शिकायला मिळतं आणि शाळेला आपली अडचण कधीच कळत नाही. खासगी क्लासवाल्यांनाही आधीच सांगून ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनमधल्या पहिल्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, खाली इतर धर्मांच्या पालकांच्याही सह्या घ्या. आमच्या शाळेसाठी मी अर्ज लिहून ठेवला आहे. त्यावर पहिली सही शेजारच्या काकूंनी केली आहे. त्यांचा नातू मधल्याच्याच वर्गात आहे.

आपली नम्र,
एक वाचक
नंदाखाल परिसर, ता. वसई, जि. पालघर