आमच्या विभागाची बातमी, आणि पेटीबद्दल एक विनंती

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि बातमी मोठी आहे, म्हणून लिहून पाठवतेय. आमच्या इतिहास विभागात आम्ही चौघंच, पण या वर्षी चौघांचंही काम तडीस गेलं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ते सांगितलं तेव्हा मला तुम्हा दोघांची फार आठवण झाली.

विभागप्रमुख मॅडमचं शिलाहारांवरचं, म्हणजे उत्तर कोकणच्या जुन्या राजघराण्यावरचं, पुस्तक छापून आलं. ठाणे म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक. १७८७ मध्ये इथल्या किल्ल्याजवळ खणताना अरिकेसरी राजाचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं. मॅडमनी तिथून सुरुवात केली आणि गावोगावच्या गद्धेगाळांपर्यंत, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी-शाप कोरलेल्या दगडांपर्यंत, आल्या. आई, आपल्या आक्षीचा शिलालेखही पुस्तकात आहे! त्याच्या काळाबद्दल विद्वानांत अजून वाद आहे. मॅडमनी दोन्ही बाजू मांडून आपलं मत ठामपणे दिलंय.

सगळ्यात धाकट्या सहकाऱ्याला ठाणे खाडीच्या मिठागरांवर पीएच.डी. मिळाली. म्हाताऱ्या मीठ कामगारांच्या मुलाखती हा त्याच्या प्रबंधाचा गाभा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आल्यावर खाडीपलीकडचा मुलूख कसा पालटला, तेही त्यात आहे.

पण मला विचाराल तर चौघांत सर्वांत मोलाचं काम आमच्या मोडीवाल्या सरांचं. साष्टी, म्हणजे ठाण्याचं बेट, मराठ्यांकडे होती ती १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतल्यापासून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो जिंकेपर्यंत, जेमतेम सदतीस वर्षं. या काळाबद्दल आपण बहुतेक इंग्रजी गॅझेटियरवरून लिहीत आलो. सरांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्या घालवून पेशवे दफ्तरातले मूळ कागद वाचले. गावचा वसूल किती, सूट कोणाला दिली, ओसाड जमिनीवर कुळं कशी आणून बसवली, असे रोजच्या कारभाराचे कागद. त्यावरचा त्यांचा दीर्घ लेख आता एका संशोधनपत्रिकेत आलाय. दिवसाला चार तास, पेपर तपासणं, नॅकच्या फाइली, हे सगळं सांभाळून केलेलं काम आहे हे. दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारे फार थोडे. ही माणसं गेली की कागद असूनही मुके होतील, याची मला खरंच काळजी वाटते.

आता माझं. माझा लेख आपल्या अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकरी संपावर आहे आणि तो स्वीकारला गेलाय. १९३३ ते १९३९, पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत म्हणून शेतं पडीक ठेवली. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्याबद्दल, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणलेल्या खोती रद्द करण्याच्या विधेयकाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. घरात त्या सहा वर्षांत चूल कशी पेटली, हे मात्र कमी सापडतं. आई, तुझी आजी मोळ्या विकायला किती लांब चालत जायची, घरात कोणाच्या पानात आधी वाढायची, हे तू सांगितलेलं मी तुझ्या नावासकट लेखात घातलंय. छापील अंक आला की पहिली प्रत तुला.

यापुढचं काम तुमच्याशिवाय होणार नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळच्या कबुलायती, म्हणजे जमीन कसण्याचे करार, आणि खोताला दिलेल्या खंडाच्या पावत्या आहेत ना, त्या सरांना पाहायच्यात. खोताकडचे कागद कुठे ना कुठे मिळतात, कुळाच्या घरचे क्वचितच. दादा घराला रंग काढणार म्हणाला होता. त्या धांदलीत पेटी रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका. फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घड्या उलगडायची घाई करू नका. पेटी कोरड्या जागी ठेवा, वाळवी लागलेली दिसली तर लगेच कळवा.

बाबा, भूमी अभिलेखमधल्या तुमच्या मोडी वाचनाबद्दल मी सरांना सांगितलंय. खंडाची मापं, जमिनीचे प्रकार, गावठी नावं यांत तुमच्याइतकी गती आमच्यापैकी कोणालाच नाही, हे त्यांनीच कबूल केलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं पोयनाडला येतो. वाचन तुम्ही करायचं, आम्ही लिहून घेऊ. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्या, पुढे ढकलू नका. तारीख ठरली की मी रजा टाकून येते.

आई, सरांना गोड चालत नाही. त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं कर.

तुमची लेक