प्रथमोपचार पेटी कुलपात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रथमोपचार पेटी नाही असे महाविद्यालय सहसा सापडणार नाही. पेटी असते, पण कार्यालयातल्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. तपासणीच्या रकान्यात ‘आहे’ असे लिहिले की विषय संपतो. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवते. एका संस्थेतली अशी पेटी मी उघडून पाहिली आहे. पिवळा पडलेला कापूस, डिंक सुकून गेलेली चिकटपट्टी, झाकण घट्ट बसलेली जंतुनाशकाची बाटली आणि कशाच्या ते कळणार नाही अशा सुट्या गोळ्या. हातमोजे नव्हते, कात्रीही नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सामानाची यादी दुकानदाराकडून नव्हे, आवाराच्या नकाशावरून ठरावी. नकाशा पुढे घ्यावा आणि कुठे काय घडू शकते ते एकेका जागेवर लिहीत जावे. प्रयोगशाळेत डोळ्यांत आम्ल उडाले तर पेटीचा उपयोग नाही. तिथे दहा सेकंदांत गाठता येईल असे डोळे धुण्याचे साधन हवे आणि डोळा निदान १५ मिनिटे पाण्याखाली धरायला हवा. खानावळीच्या स्वयंपाकघरात भाजले तर आधी २० मिनिटे वाहते गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. त्यानंतर जखमेला न चिकटणारी पट्टी लागते, ती त्याच स्वयंपाकघराजवळ हवी. मैदानावर मोडलेले हाड हलू न देणाऱ्या खपच्च्या, त्रिकोणी बँडेज आणि स्ट्रेचर.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रक्तस्राव. कार्यशाळेतल्या यंत्राने किंवा फुटलेल्या काचेने मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तर माणूस पाच मिनिटांतही दगावू शकतो. रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोचेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा जखमेपुढे पेटीतल्या चार चिकटपट्ट्या काय करणार? गॉजचे भरपूर गठ्ठे, रुंद बँडेज, हातमोजे, कपडे कापायची मजबूत कात्री आणि टूर्निके, म्हणजे हात किंवा पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा, एवढे हवेच. खोल जखमेत गॉज दाबून भरायचा आणि दाब सोडायचा नाही. रक्त थांबले का म्हणून मधूनच उचलून बघायचे नाही. टूर्निके फक्त हाताला किंवा पायाला, जखमेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचा, बांधल्याची वेळ लिहायची आणि डॉक्टर येईपर्यंत सैल करायचा नाही. म्हणून पेटीत एक मार्कर पेनही हवे. ते मी आजवर एकाही पेटीत पाहिलेले नाही. हलक्या प्रतीचे टूर्निके आवळतानाच तुटतात, तेव्हा इथे पैसे वाचवू नयेत. सरावासाठी वेगळा घ्यावा, पेटीतल्यावर सराव करू नये.

हृदय अचानक बंद पडल्यास मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीवर दाब देणे लगेच सुरू व्हायला हवे आणि विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करू शकणारे एईडी यंत्र आवारात कुठूनही तीन मिनिटांत हाती यायला हवे. रात्री वसतिगृहात कोणी कोसळला आणि यंत्र बंद कार्यालयात असले, तर ते नसल्यासारखेच. त्याच्या छातीवर लावायच्या पट्ट्यांना आणि बॅटरीला मुदत असते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आग, चेंगराचेंगरी, इमारतीचा भाग कोसळणे अशा प्रसंगी एकाच वेळी अनेक जण जखमी होतात. त्यासाठी रोजच्या पेट्यांखेरीज मोठ्या पिशव्या वेगळ्या भराव्यात. त्यांत रक्तस्रावाचे सामान जास्त, शिवाय ब्लँकेट, टॉर्च, शिट्टी आणि कोणाला आधी हलवायचे ते दाखवणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या. या सगळ्या पिशव्या एकाच इमारतीत ठेवणे ही मोठी चूक ठरेल, कारण आग नेमकी त्याच इमारतीला लागू शकते.

गोळ्या-औषधांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. शुद्धीवर असलेल्या मधुमेही विद्यार्थ्याची साखर उतरली तर द्यायला ग्लुकोज असावे. दमा किंवा तीव्र अॅलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांची स्वतःची औषधे कुठे आहेत, हे शिक्षकांना आणि रेक्टरना माहीत असावे.

हे सर्व एकदा विकत घेऊन भागत नाही. प्रत्येक पेटीला एक जबाबदार माणूस हवा, नुसता ‘विभाग’ नको. दरमहा मोजणी, झाकणाला सहज तुटणारे सील, सील तुटले की त्याच दिवशी भरणा. खर्चाची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी. आणि सामान वापरता येणारी माणसे प्रत्येक पाळीत हवीत, त्यांत रात्रीचे पहारेकरीही आले. बहुतेक वेळा घटनास्थळी पहिले तेच पोचतात, आणि प्रशिक्षणाच्या यादीतून पहिले तेच वगळले जातात. याचा मला फार राग येतो.

नवे सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक संस्थेने पेट्यांच्या जागा, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख सूचना फलकावर लावावी. पालकांनीही प्रवेश घेताना शुल्काबरोबर याची चौकशी करावी आणि पेटी उघडून दाखवा, असे म्हणायला संकोचू नये.

आपली,
एक प्राध्यापिका