आई, मी झोपते गं नीट

स्टुटगार्ट, ७ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. व्हिडिओ कॉलवर आई माझ्याशी बोलतच नाही, माझ्या मानेकडे बघत बसते. "उजेडात ये जरा, कॉलर खाली कर." मग बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहितेय.

तर आई, मी झोपते. हा आठवडा तर रोज सलग सहा तास. ऑक्टोबरात हीटर सुरू झाले तेव्हा मान आणि गुडघ्यांच्या लवणी इसबाने चिघळल्या होत्या, हे खरं. रात्री दोनला बाथरूमच्या गार फरशीवर पाय टेकवून बसायचे. तेव्हा सांगितलं असतं तर तिकडे तुम्हीही जागे राहिला असतात. आता ओसरलंय.

बाबा, स्टेरॉइडचं मलम घातक म्हणणारं तुमचं कात्रण वाचलं. ते दुकानातून मनानेच मलम आणून महिनोन्महिने चोपडणाऱ्यांसाठी आहे. मला इथल्या डॉक्टरीणबाईंनी मोजून दिलंय: बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ, तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा. आता तेही आठवड्यातून दोनच रात्री. शिवाय आपलं शरीर स्वतःच कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड बनवतं म्हणे. ते संध्याकाळनंतर उतरतं, त्यात झोप यायला लागली की अंग आतली ऊब कातडीकडे सोडतं, म्हणून खाज नेमकी रात्री. म्हणजे मी लहानपणी झोपायच्या वेळी नाटकं करत नव्हते, नोंद घ्यावी.

इथली एक गंमत सांगते. बाहेर शून्याखाली, आणि ही माणसं सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात! पाच-दहा मिनिटं, घड्याळ लावून. माझ्या भाडेकरारातसुद्धा लिहिलंय. खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते, वर केली की वरून चार बोटं आत कलते. मी पहिल्या हिवाळ्यात बिचारी दिवसभर कललेलीच ठेवायचे. घरमालकीणबाई खालून वर आल्या, माझा हात धरून मूठ आडवी केली आणि म्हणाल्या, ही हवा. ते नुसतं भिंत गार करणं. आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे, सगळा ओलावा बंद घरात कोंडतो, गार भिंतीवर बसतो आणि बुरशी धरते. पटलं. पण बाहेरची गार हवा कोरडी, हीटरने आणखी कोरडी होते. म्हणजे बाई म्हणतात ओलावा घालवा, माझी कातडी म्हणते ठेवा! शेवटी ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणलं. आकडा चाळीस ते साठच्या मध्ये असला की दोघी गप्प. नाशकात दहावर पारा आला की आपण फटीत कापड कोंबतो, ते आठवून हसू येतं.

झोपायची खोली अठरा अंशांवर. कोमट पाण्याची झटपट आंघोळ, अंग टिपायचं, ओलसर असतानाच मलम. नखं अगदी बारीक. इथली पिसांची रजई मला सोसत नाही, तासाभरात अंग पेटतं. तुझी गोधडी घेते. आजीच्या लुगड्याची निळी पट्टी आहे ना पायाशी, ती विरलीये. झोपेत मी टाचा तिच्यावरच घासते बहुतेक. मलमाचे डाग जावेत म्हणून गरम पाण्यात धुतली, तिथेही चुकलं असेल. तू माझ्या हातांवर मोजे चढवून रात्र रात्र मनगटं धरून बसायचीस, ते तेव्हा आठवलं. असो.

पैशांचं: या महिन्यापासून दहा हजार जास्त पाठवतेय, ते हप्त्याला घालू नका, बाबांच्या मोतीबिंदूचे आहेत. तो पिकायची वाट बघायचे दिवस गेले. माझ्या औषधांची काळजी नको. डॉक्टरांनी लिहून दिलेल्याला विम्यामुळे पाच-दहा युरोच पडतात, रोजचं साधं मॉइश्चरायझर तेवढं माझ्या खिशातून.

आणि गंगापूर रोडचं स्थळ. मावशी म्हणते "थोडी ॲलर्जी" सांगू. नको. इसब म्हणा. लहानपणापासून आहे, आटोक्यात राहतं, दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर आत्ताच म्हणू दे. मुलाला रात्री एसी लागतो असं तू तक्रारीच्या सुरात सांगितलंस. मला तर ती एकच गोष्ट आवडली. इथे नवरा-बायकोच्याही रजया वेगवेगळ्या असतात, तेही त्याच्या कानावर घाल.

एक राहिलं. दिवाळीला रजा नाही म्हणाले होते. रजा होती. तशी मान घेऊन दारात उभं राहवेना. तू ओवाळताना बघितलं असतंस.

फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, द्राक्षं असतील. गोधडी घेऊन येते, जुनं सुती लुगडं एखादं काढून ठेव.

तुमची,
मनू