तेल वाचतं, सुया जातात

मा. संपादक, स.न.वि.वि.

नव्या यंत्रांच्या अनुदानाच्या बातम्या आपण आवर्जून छापता. चालू यंत्र टिकवण्याबद्दलही कधीतरी छापा. मी इचलकरंजीत सर्क्युलर निटिंग मशीनवर, म्हणजे टी-शर्टसारखं कापड गोलाकार विणणाऱ्या यंत्रावर, फिटर आहे.

३० इंच व्यासाच्या, २४ गेजच्या (इंचाला २४ सुया) मशीनमध्ये सुमारे २,२६० सुया असतात. प्रत्येक सुईची बट (दांड्यावरचा उंचवटा) कॅमवर, म्हणजे सुईला वर-खाली नेणाऱ्या भागावर, घासत वर-खाली होते. मध्ये तेलाचा पातळ थर असला तर ठीक. पण कापडावर डाग पडतो म्हणून मालक तेलाचे थेंबच कमी करायला लावतात! डाग बहुतेक वेळा जास्त नव्हे, चुकीच्या तेलाने पडतो. धुतल्यावर निघून जाणारं नीडल ऑइल चार पैसे महाग, म्हणून कुठलंही भरायचं. मग बट झिजते, लॅच (सुईच्या हुकाची उघडझाप करणारी जीभ) सैल होते, कापडात उभी रेघ येते आणि बोलणी फिटरला.

दुसरा शत्रू फुफाटा, म्हणजे सुताचा कचरा. तो तेलात भिजून सिलिंडरच्या, म्हणजे सुया बसतात त्या नळकांड्याच्या, खाचांत घट्ट बसतो. त्यावर हवा मारायची, तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडायला हवं. नाहीतर पावसाळ्यात सुयांवर तांबूस गंज हमखास.

ऑपरेटरला किलोवर मजुरी असेल, तर साफसफाईला मशीन थांबवून स्वतःचं नुकसान तो का करेल? त्या वेळेचे पैसे मालकांनी द्यावेत, एवढंच म्हणणं.

— एक निटिंग फिटर, इचलकरंजी