पोर्ट ऑफ स्पेनचं कात्रण

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तरीही आईकडूनच वाचून घ्या.

जहाजावरच्या शीतकोठारांचं तापमान नोंदवणारी यंत्रणा बसवायचं काम संपत आलं. ते बहुतेक रात्री चालतं; जहाज बंदराला लागलं की मला चार-पाच तास मोकळे मिळतात. ब्रिजटाउनला तेही मिळाले नाहीत. 2024 साली आपण टी-20 विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान टॅक्सीतूनच पाहिलं.

त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला मात्र उतरल्या उतरल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदान गाठलं. रखवालदाराला सांगितलं, माझ्या बाबांनी आपल्या क्रिकेट संघाच्या 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्याची कात्रणं अजून वहीत चिकटवून ठेवली आहेत. त्याने दहा मिनिटं आत सोडलं. बाबा, मैदानाच्या उत्तरेला हिरवे डोंगर आहेत, अगदी हाताशी असल्यासारखे. इथेच सरदेसाईंचे 112. इथेच दुराणींनी वेस्ट इंडिजच्या कर्णधार सोबर्सना शून्यावर उडवलं. गावसकरांचे कारकिर्दीतल्या पहिल्या कसोटीतले 65 आणि नाबाद 67 इथलेच, आणि दाढ ठणकत असताना काढलेले 220 सुद्धा. सरदेसाईंसारखा आपल्या मडगावचा माणूस तिकडे जाऊन शतक ठोकतो, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत आणि मी अभ्यासाचं निमित्त करून उठून गेले! तिथे उभी असताना कळलं, सगळे आकडे मला पाठ आहेत. तुमच्याच आवाजात.

बाहेर रस्त्यावर डबल्स खाल्ले. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, आणि वर रस्सेदार छोले. टॅक्सीवाला वडिलांच्या आईला ‘आजी’च म्हणायचा. कलकत्त्याहून मजुरांना घेऊन आलेलं पहिलं जहाज, ‘फातेल रझाक’, 30 मे 1845 ला इथे लागलं. तीन महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर. भाषा बरीचशी विरली, पण ‘आजी’ टिकली. मला एकदम आपल्या आजीची आठवण आली, आणि त्याला नीट उत्तरच देता आलं नाही.

आई, ग्रेनाडात तू हवी होतीस. इथल्या झेंड्यावरच जायफळ आहे! सेंट जॉर्जेसच्या बाजारात एका बाईंनी फळ उकलून लालभडक जायपत्री दाखवली, आणि मला तुझ्या माहेरची मसाल्याची बाग, ते कुळागर, दिसलं. 2004 च्या आयव्हन वादळात इथली बहुतेक जायफळाची झाडं आडवी झाली. नवीन रोपाला फळ धरायला सात-आठ वर्षं, त्यात झाड नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. मी ते त्या बाईंना बोलून दाखवलं तर त्यांनी विचारलं, “तुझ्या घरी झाडं आहेत?” मी म्हटलं, आईच्या घरी आहेत. त्यांनी जायफळांची एक माळ तुझ्यासाठी म्हणून दिली आणि पैसे घेईनात. मी बळेबळेच दिले.

रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या दोघांनीही. आई, गुडघ्याचा पट्टा लाव, नुसता खुंटीला नको.

रविवारी रात्री फोन करते. बाबा, तोवर पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयाचं कात्रण काढून ठेवा. आई वाचेल, आणि या वेळी मी शेवटपर्यंत ऐकेन.

तुमची,
मीनू